फॅक्स टोन द्या

"हॅलो, जरा फॅक्स टोन द्या."

नव्वदीत किंवा दोन हजारच्या सुरुवातीला भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या कुठल्याही ऑफिसात ज्यांनी काम केलंय, त्यांनी हे वाक्य हजारदा म्हटलेलं किंवा ऐकलेलं असतं. माझ्या वयाच्या लोकांना ते समजावून सांगावं लागतं, म्हणून आधी तेच करतो.

लहान कारखान्यात फोनची लाईन एकच असायची. बोलायलाही तीच, फॅक्सलाही तीच. मशीन 'ऑटो'वर ठेवलं तर येणारा प्रत्येक फोन मशीनच उचलणार, आणि डबा विसरलात हे सांगायला घरून फोन केलेल्या बायकोच्या कानात शिट्टी वाजणार. म्हणून मशीन 'मॅन्युअल'वर. फोन वाजला की माणूस उचलायचा, पलीकडचा म्हणायचा, टोन द्या. मग हा मशीनमध्ये कागद आहे का ते बघायचा, स्टार्टचं बटण दाबायचा आणि रिसिव्हर ठेवायचा. पुढचं मिनिटभर दोन मशीनं एकमेकांशी किंचाळत बोलायची आणि तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद बाहेर यायचा.

कॉम्प्युटरवरून फॅक्स पाठवणाऱ्याची यात वेगळीच पंचाईत व्हायची. मोडेमला नंबर दिला की ते स्वतः फोन लावतं, आणि समोर मशीनच आहे असं गृहीत धरून अर्धा सेकंद बीप, तीन सेकंद शांतता, पुन्हा अर्धा सेकंद बीप, असं करत बसतं. समोर माणूस असेल तर तो दोनदा "हॅलो, कोण बोलतंय?" विचारतो, बीप ऐकतो आणि शिवी हासडून फोन ठेवतो. कॉम्प्युटरला हॅलो म्हणता येत नाही. तेव्हा फोन माणसानेच लावायचा, बोलणंही माणसानेच करायचं, आणि मधूनच लाईन कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हे करून पाहिलं. भोसरीत माझ्या मामांचं टर्निंग-मिलिंगच्या जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. तिथे फॅक्स मशीन प्लॅस्टिकच्या कव्हरखाली अजून शाबूत आहे. आमच्या चिंचवडच्या घरी आजोबांच्या हट्टामुळे तांब्याच्या तारेवरचा लँडलाईन टिकून आहे. जुन्या बाजारातून एक यूएसबी मोडेम मिळालं. फोन आणि मोडेम एकाच लाईनला समांतर जोडायचे. मोडेमला सांगायचं की तू आता फॅक्स आहेस. मग 'एटीएक्स३' ही आज्ञा, म्हणजे डायल टोनची वाट पाहू नकोस. आणि शेवटी नुसतं 'एटीडी', पुढे नंबर नाही. फोन लाव, पण कुणाला ते सांगायचंच नाही, कारण फोन आधीच लागलेला आहे.

खरी कसरत रिसिव्हर ठेवण्यात असते. मोडेमने लाईन पकडायच्या आधी ठेवला तर लाईन कट. उशिरा ठेवला तर खोलीतले आवाज लाईनमध्ये शिरतात आणि पानावर आडव्या रेघा उमटतात. घेणाऱ्या मशीनची शिट्टी संपली की ते "मी हे हे करू शकतो" अशी आपली यादी साधारण ३५ सेकंद पुन्हापुन्हा सांगत राहतं आणि मग नाद सोडतं. तेवढ्या वेळात हे सगळं जमवायचं. मला पाचव्या प्रयत्नात जमलं. दर वेळी मामा फोन उचलून म्हणायचे, "हां, देतो रे टोन," आणि चौथ्या वेळी, "दिवाळीचं दुसरं काही काम नाही का तुला?"

त्यांचं खरं होतं. पण त्या पाच फोनांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि त्यानंतर ती डोक्यातून गेलेली नाही. पाचही वेळा, एक अक्षरही पाठवायच्या आधी, पलीकडच्या जिवंत माणसाने मला "हो" म्हटलं होतं. त्याला "नाही" म्हणता आलं असतं. कागद संपलाय, आत्ता गडबड आहे, अर्ध्या तासाने करा. आणि पाठवून झाल्यावर मी पुन्हा फोन करून विचारलं होतं, नीट आलं का? वाचता येतंय का?

मी पोटासाठी जे सॉफ्टवेअर लिहितो त्यात या दोन्हींपैकी एकही गोष्ट नाही.

कळवण्याचं काम कधी संपतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी पाठवलं तेव्हा? तुमच्यापर्यंत पोचलं तेव्हा? की तुम्हाला कळलं तेव्हा? आणि या तिन्हींमध्ये जे अंतर आहे ते कापायची जबाबदारी कुणाची?

जुन्या मराठी पत्रांची सुरुवात अशी असे: पत्र पावले, मजकूर कळला. मला हे वाक्य लहानपणी नुसतं शिष्टाचाराचं वाटायचं. आता प्रोटोकॉल वाचायची सवय लागल्यावर दिसतं की त्यात दोन वेगळ्या पोचपावत्या आहेत. कागद माझ्या हाती आला, ही एक. त्यातलं मला समजलं, ही दुसरी. आणि पाठवणारा शेवटी 'कळावे' असं लिहायचा. 'कळवले आहे' असं तो स्वतःच ठरवून टाकत नसे. त्याने फक्त इच्छा व्यक्त करायची, कळलं की नाही हे दुसऱ्याने सांगायचं.

फॅक्सच्या प्रोटोकॉलमध्येही ही समज होती. टी.३० नावाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत तो लिहिलेला आहे. पान पाठवायच्या आधी पाठवणारं मशीन दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून लाईन कितपत सहन करते ते बघतं. शून्यं धड पोचली नाहीत तर घेणारं मशीन तसं सांगतं आणि वेग कमी होतो: ९६०० वरून ७२००, मग ४८००, मग २४००. समोरच्याला झेपेल त्या गतीने सांगायचं. आपल्याकडे मयताची बातमी देतानाही हेच करतात. लांबच्या मुलाला फोनवर एकदम "वडील गेले" म्हणत नाहीत. "तब्येत जास्त आहे, निघून ये" म्हणतात, आणि तो घराच्या जवळ आला की कुणीतरी त्याला स्टँडवर घ्यायला जातं.

त्याच शिफारशीत आणखी एक सोय आहे, तिच्याबद्दल वाचून मी थक्क झालो. पान पोचल्यावर घेणारं मशीन 'मिळालं' एवढंच सांगून थांबत नाही. दोन्हींपैकी कुठल्याही बाजूचं मशीन 'आता माणसाला बोलायचंय' असा इशारा देऊ शकतं, आणि त्याच कॉलवर फोन उचलून दोन माणसं बोलू शकतात. 'तिसरी ओळ पुसट आलीय, १२५ आहे की १२६?' हे विचारायला प्रोटोकॉलमध्ये जागा राखलेली होती.

अर्थात मशीनच्या 'ओके'वरही तेव्हा कुणी पूर्ण विसंबत नसे. ट्रान्समिशन रिपोर्टवर 'ओके' आलं तरी पलीकडे कागद अडकलेला असू शकतो, किंवा तो दुसऱ्याच साहेबाच्या टेबलावर पडलेला असू शकतो. माझ्या क्षेत्रात याला एक थोर आधार आहे. १९८४ साली सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क या तिघांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला, नेटवर्क शिकणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी वाचावा लागतो. त्यात म्हटलंय की निरोप समोरच्या यंत्रापर्यंत पोचला या पावतीचा फारसा उपयोग नसतो. पाठवणाऱ्याला हवं असतं ते हे, की समोरच्याने त्यावर काही केलं का. आणि हे फक्त शेवटच्या टोकाला असलेलाच सांगू शकतो, मधल्या तारा नाहीत. इंजिनिअरिंगला असताना हे मी पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्यात नीतीचा काही प्रश्न असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कायद्यालाही या प्रश्नाशी झुंजावं लागलं आहे, आणि त्यातला एक मोठा खटला आपल्या खामगावचा आहे. जुलै १९५९ मध्ये अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी लांब पल्ल्याच्या फोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पेंड आली नाही असं म्हणत अहमदाबादवाल्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा लावला, तोही अहमदाबादच्या कोर्टात. खामगावकर म्हणाले, आम्ही होकार खामगावात उच्चारला, करार खामगावात झाला, तुम्ही इथे या. सगळं भांडण असं की "हो" कुठे पूर्ण होतो, बोलणाऱ्याच्या तोंडात की ऐकणाऱ्याच्या कानात? ऑगस्ट १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, कानात. पत्राला वेगळा नियम आहे, होकाराचं पत्र पेटीत टाकलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो. पण फोनवर होकार ऐकला गेला तिथे करार होतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला असहमत होते. त्यांच्या मते कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले की होकार बोलणाऱ्याच्या बाजूला पूर्ण होतो. ते शब्द १८७२ चे, म्हणजे टेलिफोनच्या पेटंटच्या चार वर्षं आधीचे. बिचाऱ्या मसुदाकारांना काय माहीत!

बहुमताने ज्याचा आधार घेतला तो १९५५ चा इंग्लंडमधला टेलेक्सचा खटला होता. त्यात लॉर्ड डेनिंग यांनी दिलेलं उदाहरण अगदी आपल्या नदीकाठचं वाटावं असं आहे. मी नदीच्या या काठावरून ओरडून प्रस्ताव देतो, तुम्ही पलीकडून होकार देता, पण तेवढ्यात वरून विमान जातं आणि मला ऐकू येत नाही. करार झाला नाही. तुम्ही पुन्हा ओरडायला हवं. पण ते पुढे हेही म्हणतात की मला नीट ऐकू आलं नाही आणि मी आळसाने "पुन्हा सांगा" म्हटलंच नाही, तर दोष माझा. मला हा हिशोब न्याय्य वाटतो. बोलणाऱ्याचं काम ऐकू जाईपर्यंत, ऐकणाऱ्याचं काम ऐकू आलं नाही हे सांगायचं.

मग २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. त्याच्या १३ व्या कलमानुसार, तुम्ही निरोपांसाठी एखादी संगणक-व्यवस्था नेमून दिली असेल, तर निरोप तिच्यात शिरला त्या क्षणी तुम्हाला तो मिळाला. तुम्ही झोपला असाल, आजारी असाल, पंढरपूरच्या वाटेवर असाल. वेगळा करार नसेल तर हा नियम. ३५ वर्षांत 'ऐकलं' पासून आपण 'शिरलं' वर आलो. खामगावच्या खटल्यात कान होता, इथे इनबॉक्स आहे.

आणि आमच्या पट्ट्यात गोष्ट त्याच्याही पुढे गेली आहे. मोठ्या गाडी कंपन्या आणि त्यांचे पहिल्या फळीतले पुरवठादार आता छोट्या व्हेंडरला शेड्यूल पाठवतच नाहीत. ते पोर्टलवर 'टाकतात'. पोर्टल कंपनीच्याच सर्व्हरवर असतं. म्हणजे निरोप पाठवणाऱ्याच्या घरातून बाहेरच पडत नाही. व्हेंडरने रोज लॉग-इन करून बघायचं. दवंडीवाला निदान गल्लीत तरी यायचा. हा चावडीवरचा फळा आहे, आणि फळा न वाचल्याचा दंड आहे.

मामांना तो बसला. नाव घेत नाही, चाकणच्या बाजूची एक कंपनी. मामांच्या शॉपला गुरुवारची सुट्टी असते. बुधवारी रात्री ११.४० ला पोर्टलवर शेड्यूल बदललं. सोमवारी द्यायचे होते ते ४०० पीस शुक्रवारी पहिल्या शिफ्टला हवेत. अटींमध्ये होतं की २४ तासांत हरकत नोंदवली नाही तर बदल मान्य समजला जाईल. गुरुवारी रात्री ११.४० ला, शॉपला कुलूप आणि मामा मामींसोबत आळंदीला जाऊन आल्यावर गाढ झोपेत असताना, त्यांनी तो बदल 'मान्य' केला. शुक्रवारी सकाळी सेटिंगला दुसराच जॉब लागलेला. पुढच्या आठवड्यात डेबिट नोट आली. रक्कम सांगत नाही, पण ऑपरेटरच्या महिन्याच्या पगाराहून थोडी जास्त होती. मामांना पैशाइतकाच तो शब्द लागला. "मी कधी मान्य केलं रे?" ते मला विचारत होते, जणू सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ते माहीत असणार.

मला माहीत होतं. ते पोर्टल आमच्या कंपनीचं नव्हे, पण आम्ही बनवतो त्यातही हा नियम असतो. ग्राहकाच्या मागण्यांच्या यादीत तो लिहून येतो. तांत्रिकदृष्ट्या चार ओळींचा कोड आहे. रात्री एक जॉब चालतो, मुदत उलटलेल्या नोंदी शोधतो आणि त्यांची स्थिती 'प्रलंबित' ऐवजी 'मान्य' करतो. त्या 'मान्य'मध्ये कुणाचंही मन नसतं.

मराठी कायदेभाषेत यासाठी नेमका शब्द आहे: मानीव. हाऊसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना तो 'मानीव अभिहस्तांतरणा'मुळे पाठ असतो. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावे करून देत नाही, टोलवाटोलवी करतो, तेव्हा सरकार म्हणतं, ठीक आहे, केली असं आम्ही मानतो. इथे मानीवपणा दुबळ्याच्या बाजूने उभा आहे आणि टाळणाऱ्याच्या विरुद्ध. सोसायटीला आधी मागणी करावी लागते, अर्ज करावा लागतो, सुनावणी होते, आणि मग.

कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन येतो तेव्हाही क्रम असाच असतो. आधी हाती द्यायचा प्रयत्न. माणसाने घेतलं नाही किंवा शोधूनही सापडला नाही, तर समन्स दारावर चिकटवायचं, आणि कुठल्या परिस्थितीत चिकटवलं, घर कुणी दाखवलं, कुणादेखत चिकटवलं, हे लिहून कोर्टाला द्यायचं. म्हणजे 'मिळालं असं मानू' ही शिडीची शेवटची पायरी होती आणि तिथवर चढायला घाम गाळावा लागायचा. सॉफ्टवेअरने ती पहिली पायरी केली, कारण सॉफ्टवेअरमध्ये ती फुकट आहे. माझा आक्षेप इथे आहे. मानीव पोच असूच नये असं मी म्हणत नाही. ती प्रयत्न करून कमवावी लागते, एवढंच.

असूच नये असं म्हणता येणारही नाही, कारण 'टोन द्या'च्या जमान्याची दुसरी बाजू मामांकडूनच ऐकली आहे. पेमेंटची आठवण करणारा फॅक्स यायचा असला की कंपनीत नेमका कागद संपायचा. "टोन येत नाही हो, लाईन खराब आहे" हे तर ठरलेलं उत्तर. आणि मोठ्यांच्या जगातही हेच. २१ नोव्हेंबर २०१८ ला जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाला फॅक्स करत होत्या, ते जाईना. शेवटी त्यांनी ते ट्विटरवर टाकलं. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा बरखास्त केली. दुसऱ्या दिवशी राज्यपालांचं म्हणणं आलं की ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला माणूस नव्हता. आणि फॅक्स मिळाला असता तरी निर्णय तोच राहिला असता. हे खरं की सोयीचं, यावर तेव्हा भरपूर रण माजलं. मला त्यातून एवढंच दिसतं की ज्याच्या हातात टोन देणं असतं त्याच्या हातात सत्ता असते. मामांच्या ऑफिसात ती सत्ता दहावी पास क्लार्ककडे होती. राजभवनात असली की तिचा अर्थ बदलतो.

म्हणून 'घेणारा हो म्हणेपर्यंत निरोप पोचला नाही' असा सरसकट नियम करता येत नाही. बुडवणारे त्यामागे लपतील. मग रेघ कुठे मारायची? न्यायालयांनी तत्त्व म्हणून मांडलेलं नसलं तरी त्यांच्या दोन निर्णयांत मला एक अंदाज सापडतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं प्रकरण होतं. समोरचा माणूस नोटीस टाळत होता. त्याला व्हॉट्सॅपवर पाठवलेली नोटीस न्यायालयाने पोचली असं धरलं, कारण खुणांवरून ती नुसती पोचलीच नव्हती तर उघडलीही गेली होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॅपवर देऊ नका, कायद्याने सांगितलेल्या पद्धतीनेच द्या. ती नोटीस पाळली नाही तर माणसाला अटक होऊ शकते. एकीकडे थकबाकी आणि टाळणारा माणूस, दुसरीकडे स्वातंत्र्य आणि कदाचित काही कल्पनाच नसलेला माणूस. समोरच्याचं जितकं मोठं नुकसान होणार, तितकं त्याच्या दारापर्यंत चालत जायचं.

ऑफिसात मी हे मांडलं तेव्हा माझ्या टीमलीडचं म्हणणं सरळ होतं, आणि ते अगदीच चुकीचं नाही. चारशे व्हेंडर, दिवसाला तीन-तीन वेळा बदलणारी शेड्यूलं, कोण कुणाला फोन करत बसणार? शिवाय आज प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे, रील बघायला वेळ असतो, मग पोर्टल बघायला काय होतं?

दुसऱ्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण तो आपल्या सगळ्यांना लागू आहे. "मी ग्रुपवर टाकलं होतं." हे वाक्य आपल्या पिढीचं 'टोन द्या' आहे. सोसायटीचं पाणी दोन दिवस बंद, ग्रुपवर टाकलं होतं. परीक्षेचा वर्ग बदलला, ग्रुपवर टाकलं होतं. माझ्या एका मैत्रिणीला तिची आत्या गेल्याचं कळलं ते नातेवाईकांच्या ग्रुपवर, बेंगळुरूच्या मेट्रोत उभी असताना, लग्नाचे फोटो आणि हात जोडलेल्या चिन्हांच्या मधोमध. घरच्यांना वाटलं कळवलं. कळवलंच होतं. कुणीही तिला घ्यायला स्टँडवर गेलं नव्हतं इतकंच. फोन खिशात आहे याचा अर्थ माणूस टोन द्यायला तयार आहे असा आपण धरून चाललो आहोत. चोवीस तास उघडं असणं हे आपण कधी कबूल केलं? तेही मानीवच.

पहिला मुद्दा, संख्येचा, जास्त कठीण आहे. पण त्यात एक चलाखीही आहे. चारशे जणांना फोन करणं महाग आहे म्हणून आपण तो खर्च रद्द केला असं नसतं. चारशे शॉपमध्ये कुणीतरी रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, लॉग-इन करून बघतो. तो वेळ कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही. पूर्वी टोन मागायला ज्या माणसाला पगार मिळायचा तो कंपनीचा होता. आता बघण्याचं काम मामा रात्री जेवण झाल्यावर करतात. आणि चारशेंपैकी बहुतेक बदल किरकोळ असतात, पाच पीस इकडे, दहा तिकडे, तिथे मानीव चालतंय. मुदत अलीकडे आली, सुट्टीचा दिवस मध्ये आला, न जमल्यास दंड आहे, असे बदल दिवसाला किती असतात ते मी आमच्या एका ग्राहकाच्या नोंदींत मोजून पाहिलं. आकडा देणं बरोबर नाही, पण एक माणूस जेवायच्या सुट्टीसकट करू शकेल इतकंच ते काम होतं. आणि हे बदल वेगळे काढायला कॉम्प्युटर चांगला आहे. हॅलो म्हणायला तो तेव्हाही उपयोगाचा नव्हता.

तेव्हा सध्या मी जो प्रस्ताव लिहितोय त्यात व्हेंडरपुढे तीन बटणं आहेत: मान्य, जमणार नाही, आणि फोन करा. दंड लागू शकणाऱ्या बदलाला आपोआप 'मान्य' नाही. उत्तर आलं नाही तर ती नोंद लाल होऊन ग्राहकाच्या खरेदी विभागाकडे परत जाते, आणि तिथून माणसाने फोन करायचा. दोनदा फोन करूनही, कामाच्या वेळेत, कुणी उचलला नाही, आणि ते दोन्ही फोन नोंदवले गेले, तर मग मानीव. बेलिफसारखं. 'जमणार नाही' हे बटण दाबलं म्हणून व्हेंडरचं रेटिंग उतरणार असेल तर ते बटण नसल्यातच जमा, म्हणून तेही लिहिलं आहे. टीमलीडने त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय.

ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्यांना पहिली दोन बटणं चालतात. तिसऱ्यावर त्यांनी विचारलं, "फोन कोण करणार, तुम्ही?" प्रश्न रास्त होता. म्हणून अंदाजपत्रकात सर्व्हर, लायसन्स आणि टेस्टिंगच्या खाली मी आणखी एक ओळ घातली आहे: एक माणूस, एक टेबल, एक फोन, गुरुवारसकट सहा दिवस. बैठक पुढच्या मंगळवारी आहे. ती ओळ काढून टाकायला दोघांनी आत्ताच सुचवलंय, एकाने विचारलंय की हे काम बॉटला देता येईल का.